कौशल्याबाईची थोरली

जास्वंदीचं फूल एका दिवसाचं मानकरी. पहाटे उमलतं, दुपारभर तोऱ्यात मिरवतं आणि दिवेलागणीला पाकळ्या गुंडाळून घेतं. आपला प्रवेश संपला, आता दुसऱ्यानं यावं, असं. उद्या त्याच फांदीवर दुसरं फूल उभं असतं आणि कालच्या फुलाची कोणाला आठवणही नसते. नाटक कंपनीत उमेदीची सगळी वर्षं घालवलेल्या माणसाला हे झाड फार जवळचं वाटतं.

कंपनीत मी बायकांची कामं करायचो. टोपाचा मला तिटकारा, म्हणून केस खरेच राखलेले, कमरेपर्यंत. एका पावसाळ्यात मालवणकडं मुक्काम होता तेव्हा घरमालकिणीनं माझे गळणारे केस पाहिले आणि जास्वंदीची फुलं खोबरेल तेलात उकळून मला बाटली भरून दिली. निघताना एक रोपही दिलं, पत्र्याच्या डब्यात. पांढऱ्या फुलांची जात. पाकळ्या दुधासारख्या आणि मधोमध लाल डोळा, कुंकू लावावं तसा. कंपनी बुडाली, पडदे विकले गेले, माणसं पांगली. मी माझ्या गावी, जवळा बाजारला परत आलो. हातात एक ट्रंक आणि तो डबा. बाजारपेठेत जिन्यावरची एक खोली भाड्यानं घेतली आणि डबा जिन्याच्या कठड्यावर ठेवला. नाटकातला म्हणून गाव मला मास्तर म्हणायचं.

त्या डब्याखाली कौशल्याबाई पहिल्यांदा बसली ती नव्वद सालच्या आसपास. तेव्हा हिंगोली जिल्हा झालेला नव्हता, आम्ही परभणीचेच. बाजाराचा दिवस होता. नवरा शेळ्या विकायला गेलेला आणि ही माझ्या जिन्याच्या सावलीत एक करडू मांडीवर घेऊन त्याची वाट बघत बसलेली. मी वरून उतरत होतो. तिनं करडावरची नजर काढली, वर पाहिलं आणि म्हणाली,

"मास्तर, हे झाड डब्यात काहून कोंडलं?"

"माझ्याकडं जमीन नाही बाई. खोली भाड्याची आहे."

"झाडाला बी भाडं पडतं का?"

मी हसलो. ती हसली नाही. ती त्या पांढऱ्या फुलाकडं बघत होती. खूप दिवसांपूर्वी हरवलेलं माणूस गर्दीत दिसावं आणि आपण हाक मारावी की नको, असं व्हावं, तसं तिचं तोंड झालं होतं. मग हळूहळू तिनं सांगितलं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, लेकरू नव्हतं. औंढ्याच्या बाजूला एक म्हातारी झाडपाला द्यायची. तिनं सांगितलं होतं, पांढऱ्या जास्वंदीच्या कळ्या दुधात वाटून घे. लाल जास्वंद मिळाली, पिवळी मिळाली, पांढरी काही कुठं सापडली नव्हती.

"दर बाजाराला एक कळी द्याल का मास्तर?" तिनं विचारलं.

कळी कसली, मी अख्खा डबाच उचलून तिच्या पुढ्यात ठेवला. दानशूरपणाचं सोंग मला जन्मभर चांगलं जमलं, पण त्या दिवशी सोंग नव्हतं. डब्यातल्या त्या झाडाची मुळं तळाशी गोल गोल फिरून दमली होती, हे मलाही दिसत होतं.

तिचा नवरा सोनाजी आला, त्यानं बायकोच्या डोक्यावर झाड पाहिलं आणि म्हणाला, "शेळ्यावाल्याच्या दारात जास्वंद? मांजरीला दुधाची राखण सांगून राहिली तू."

त्याचं खोटं नव्हतं. त्यांची वस्ती औंढ्याच्या रस्त्याला, बाजारापासून अर्ध्या तासाच्या पायवाटेवर. चार घरं, चारही मेंढ्या-शेळ्यांची. तिथं दारात वाढलेली गोष्ट म्हणजे फक्त काटे. जास्वंदीचा पाला तर शेळीला पेढ्यासारखा. पण महिन्याभरानं मी सहज बघायला गेलो, तर झाड जागेवर होतं, ताठ, आणि शेळ्या त्याला वळसा घालून जात होत्या. मला आधी काही तरी मंत्रतंत्र वाटलं.

"मंतर कशाचा," कौशल्याबाई म्हणाली. "लेंड्या रातभर भिजू घालायच्या अन् ते पाणी पाल्यावर शिंपडायचं. शेळी समदं खाईल, पर आपल्या लेंडीचा वास आला का तोंड फिरवते. माणसापेक्षा साफ जनावर हाय."

झाड लावायलाही तिनं आपलं डोकं चालवलं होतं. तिकडची काळी जमीन पाणी धरून बसते, मुळं कुजतात. तिनं खड्ड्यातली काळी माती उपसून टाकली, मुरूम आणि ओढ्याची रेती भरली, वर लेंडीखताचा उंचवटा केला आणि त्या उंचवट्यावर झाड बसवलं, देव बसवावा तसं. पानं पिवळी पडली की आंबट ताक पाण्यात घालून मुळाशी ओतायची. फांद्यांवर पांढरी पिठासारखी कीड आली की चुलीतली राख बोटांनी चोळायची. सकाळी मी गेलो तर कित्येकदा ती झाडापाशी बसलेली असायची, धुक्यात, एका हातात राख, आणि तोंडानं काही तरी पुटपुटत. मी जवळ गेलो की गप्प व्हायची. झाडाशी काय बोलत होती, ते मी कधी विचारलं नाही. रंगमंचावर कोणी स्वगत बोलत असताना मध्ये शिरू नये, एवढं मला कळतं.

पुढच्या वर्षी रागिणी झाली. जास्वंदीनं झाली, नागनाथाच्या कृपेनं झाली की आपलीआपण झाली, मला माहीत नाही. कौशल्याबाईला मात्र शंका नव्हती. झाड घरात आधी आलं, पोरगी मागून आली. म्हणून ती झाडाला 'थोरली' म्हणू लागली. "थोरलीला पाणी दिलं का?" "थोरलीला चार फुलं आली आज." वस्तीवरची माणसं आधी हसली, मग तीही थोरली म्हणू लागली. बारशाच्या दिवशी तिनं पोरीला झाडाखाली ठेवलं आणि सगळ्यांसमोर बोलून गेली, "हिच्या संगं हिच्या थोरलीचं एक लेकरू नांदायला धाडीन मी."

तिची जाऊ मंजुळाबाई म्हणाली, "पोरगी अजून पाळण्यात, अन् हिचं आंदण सुरू."

ते आंदण नव्हतं, हे मला फार पुढं कळलं. लेकरू नसण्याची वर्षं कौशल्याबाईनं कशी काढली होती ते तिलाच ठाऊक. ओटी भरताना बायका तिला ओलांडून पुढच्या बाईकडं जायच्या. ती वेळ आपल्या पोरीवर येऊ नये, आणि आलीच तर कळी मागायला कोणाच्या जिन्याखाली बसावं लागू नये, एवढाच तिचा हिशेब.

सोनाजीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. मी एकदा त्याच्याबरोबर माळावर गेलो होतो. त्याच्याकडं आकडी होती, लांब काठीच्या टोकाला विळ्यासारखं पातं. बाभळीची फांदी तो आकडीत धरायचा, एक घाव घालायचा आणि ओढायचा. फांदी अर्धी तुटायची, अर्धी सालीनं झाडालाच लटकायची आणि शेंडा खाली जमिनीवर टेकायचा. करडंसुद्धा उभ्या उभ्या खाऊ लागायची. मी म्हणालो, पुरी का तोडत नाहीस?

"तोडली का दुपारपतुर वाळते," सोनाजी म्हणाला. "वाकवली का सालीतून पाणी ओढत राहते. चार रोज हिरवी. शेळीचं बी पोट भरते अन् झाड बी रडत न्हाई. माझा बा सांगायचा, फांदी वाकवावी, तोडू न्हाई. तोडली तर पाप लागते."

एवढ्या वर्षांत त्यानं एकही फांदी आरपार तोडली नव्हती. हाताला ते येतच नव्हतं.

वर्षं गेली. मधल्या काळात हिंगोली जिल्हा झाला, एसटीच्या पाट्या बदलल्या, वस्तीवर विजेचे खांब आले. आता आठवायला बसलं की ती सगळी वर्षं मला एकाच सकाळसारखी दिसतात. उंचवट्यावर पांढरी फुलं, खाली जोत्यावर रागिणी बसलेली, माय तिच्या केसांना फुलांचं तेल चोळते आहे, उन्हात तेलाचा वास पसरलाय, आणि दूर कुठं तरी घुंगरू वाजतं आहे, शेळीच्या गळ्यातलं. मला ते दुसरंच कसलं तरी घुंगरू वाटायचं आणि मी क्षणभर विंगेत उभा असायचो. रागिणीचे केस कमरेपर्यंत गेले. मला ती आबा म्हणायची. "आबा, तुमचे केस पन इतके होते?" मी म्हणायचो, "तुझ्यापेक्षा चार बोटं जास्त." त्यात चार बोटं खोटी होती.

रागिणी लग्नाची झाली आणि कौशल्याबाई थोरलीच्या लेकरामागं लागली. फांदी कापून लावावी म्हटलं, तर ही जात हट्टी. लाल जास्वंदीची काडी वाटेवर फेकली तरी फुटते. हिची काडी दहा-पंधरा दिवस हिरवी राहून भुलवायची आणि मग बुडातून काळी पडायची. पावसाळ्यात लावल्या, थंडीत लावल्या, रेतीत, मातीत, ओल्या गोणपाटाखाली. एकही जगली नाही. मी हिंगोलीच्या रोपवाटिकेत जाऊन विचारलं. त्यांच्याकडं पांढरी होती, पण लाल डोळ्याची नव्हती. कौशल्याबाई म्हणाली, दुसऱ्याचं लेकरू घेऊन आपल्या लेकीसंगं धाडू का?

रागिणी वैतागायची. "माय, लोकाइच्या पोरी मिक्सर घेऊन जातात. मी झाड घेऊन जाऊ का?"

"मिक्सर बिघडते."

"अन् झाड वाळत न्हाई व्हय?"

 त्याचीच तर कौशल्याबाईला भीती होती.

होळीनंतर सोयरीक जमली. सेनगावकडचा मुलगा, शिवहार नावाचा, शांत. लग्न दिवाळीनंतर, मार्गशीर्षात धरलं. आणि वैशाखात ते झालं.

एक शेळी व्याली आणि महिन्या-दोन महिन्यांत मेली. तिची दोन करडं कोवळ्या पाल्यावर जगवायची होती. सोनाजीनं कुंपणाशेजारी शेवरी लावली होती, त्यासाठीच. पहाटे, उजाडायच्या आधी तो आकडी घेऊन बाहेर आला, फांदी धरली, घाव घातला, ओढली. कौशल्याबाईला आवाज आला. ती बाहेर आली तर थोरलीची सगळ्यात मोठी फांदी अर्धी फाटून जमिनीवर पडलेली होती आणि शेवरी शेजारी तशीच उभी होती.

करडं आली, पाला हुंगला आणि तोंड फिरवून निघून गेली. लेंडीचं पाणी आदल्याच दिवशी शिंपडलेलं होतं.

कौशल्याबाई एक शब्द बोलली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं सोनाजी मला नंतर म्हणाला. तिनं हळद आणली, शेणात कालवली आणि फाटलेल्या जागी लेप दिला. शेळीचा पाय मोडला की ती हेच करायची. मग चिंध्या गुंडाळल्या. फांदी उचलून बांधावी तर सालीचा पदर तुटला असता, इतकी ती जड. म्हणून जिथं ती जमिनीला टेकली होती, त्या वाकणावर तिनं लेंडीखत घातलेली माती चढवली आणि वर मोठा दगड ठेवला, वाऱ्यानं हलू नये म्हणून. मोडक्या पायाला हलू द्यायचं नसतं. रोज सकाळी झाडाला पाणी घालताना त्या दगडावरही एक तांब्या ओतायची. आणि नवऱ्याशी बोलायचं तिनं बंद केलं.

त्यानं मुद्दाम केलं, असं तिनं धरलं होतं. शेळ्यावाल्याच्या दारात जास्वंद, हे वाक्य त्यानं एवढी वर्षं इतक्या वेळा म्हटलं होतं की तिला दुसरं काही सुचलंच नाही.

दोन बाजार गेले. तिसऱ्या बाजारी सोनाजी माझ्या जिन्यावर चढून आला. चढताना त्यानं पायरी पायानं चाचपली. मी ते पाहिलं. तो बसला, फेटा काढून गुडघ्यावर ठेवला.

"मास्तर, तिला सांगू नका."

"काय?"

"मला शेवरी अन् थोरली येगयेगळी दिसली न्हाई. लई दिस झाले. समोर धूर धरल्यावानी दिसते. माणसं आवाजावर वळखतो, शेळ्या चालीवर."

"मग हे तिला का सांगत नाहीस?"

"लेकीचं लगीन तोंडावर. शेळ्याइला कोन न्यायचं, मग तिला तेच सुचन. अन् सोयऱ्याइला कळलं का बाप आंधळा हाय, तर?" त्यानं गुडघ्यावरचा फेटा उचलला. "तिला वाटून राहिलं मी मुद्दाम केलं. वाटू द्या. तिचा राग सोसीन मी, लगीन पार पडू द्या."

जन्मभर मी दुसऱ्यांनी लिहिलेली वाक्यं बोललो. त्या दिवशी एका माणसाची न बोलण्याची अट घेऊन मी वस्तीवर गेलो आणि ती मोडली. कौशल्याबाई दगडावर पाणी ओतत होती. मी सोनाजीचं म्हणणं त्याच्याच शब्दात तिला सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडं न करता. तांब्या तिच्या हातात तसाच राहिला.

"धूर धरल्यावानी?" तिनं विचारलं.

"तसं म्हणाला."

ती झोपडीत गेली. सोनाजी जेवत होता. मी बाहेर उभा होतो, पण कुडाच्या भिंतीतून सगळं ऐकू येतं.

"भाकर कोन्या हाताला हाय?" तिनं विचारलं.

"डाव्या."

"डाव्या हाताला कांदा हाय. भाकर समोर हाय." मग ताट पुढं सरकवल्याचा आवाज आला. "येडा माणूस. बायकोला सांगायचं न्हाई, अन् नाटकवाल्याला सांगायचं."

पुढच्याच आठवड्यात तिनं त्याला डोळ्यांच्या शिबिरात नेलं. ऑपरेशन झालं. पावसाळाभर काळा चष्मा लावून सोनाजी जोत्यावर बसायचा आणि शेळ्या पुतण्याच्या मागं गेल्या की त्यांच्या पाठीकडं बघत राहायचा. चष्म्यामागं डोळे दिसत नसत, पण मान त्यांच्याबरोबर वळत जायची.

गणपती बसायच्या सुमारास कौशल्याबाईनं मला बोलावून घेतलं. "मास्तर, जरा बघा. मला खरं वाटून न्हाई राहिलं."

दगडाच्या पलीकडं, फांदीच्या पडलेल्या शेंड्यावर नवी पानं आली होती. जाड, तकतकीत. त्यात तीन कळ्या होत्या. मोडक्या फांदीवर कळ्या येत नाहीत. तिनं दगड सरकवला, वाकणाशी बोटं घातली आणि फांदी हळूच वर ओढली. फांदी आली नाही. मातीनं धरून ठेवली होती. कौशल्याबाईनं बोटानं माती बाजूला केली. वाकणाखाली पांढरी मुळं होती, बारीक, गुंतलेली, जावळासारखी.

एवढ्या काड्या तोडून लावल्या, त्यातली एक जगली नव्हती. ही तुटलीच नव्हती. मायच्या सालीतून पाणी पीत पीत हिनं आपली मुळं केली होती. आंधळ्या हाताची जुनी सवय, लेंडीचं पाणी आणि रागानं ठेवलेला दगड. मी नाटकं पुष्कळ केली, पण इतकं जुळून आलेलं कोणी लिहिलं असतं तर मीच म्हणालो असतो, हे पटत नाही.

रोपवाटिकेतल्या माणसाला मी विचारून आलो. तो म्हणाला, नेण्याच्या महिनाभर आधी मूळ झाडापासून तोडा, म्हणजे आपल्या मुळावर जगायची सवय होईल. मग दिवाळीच्या पाडव्याला तोडायचं ठरलं. त्या दिवशी वस्तीवर शेळ्यामेंढ्यांना ओवाळतात, शिंगांना गेरू लावतात. ओवाळून झालं. कौशल्याबाईनं विळा सोनाजीच्या हातात दिला.

तो थोरलीपुढं उकिडवा बसला. चिंध्या सोडल्या. फाटलेल्या जागेवर आता सालीचा एक पदर तेवढा राहिला होता, दोन बोटं रुंद, कडा भरून आलेला. सोनाजी तो बघत राहिला. विळा गुडघ्यावर.

"काय झालं?" कौशल्याबाई म्हणाली.

"समदं दिसून राहिलं," सोनाजी म्हणाला. "सालीतल्या शिरा बी दिसून राहिल्या. डोळे नव्हते तव्हा बरं होतं."

मंजुळाबाई म्हणाली, "भाऊजी, मी तोडते, द्या इकडं."

"नगं."

रागिणी जोत्यावरून उठली. तोपर्यंत झाडाच्या गोष्टीत ती कधी पडली नव्हती. ती बापाशेजारी बसली आणि दोन्ही हातांनी फांदी धरली, मुळाच्या बाजूनं, हिसका बसू नये म्हणून.

"बा, आबा सांगतात, न्हाई तोडली तर ही मायच्याच पाण्यावर राहीन. तिची मुळं वाढायची न्हाईत."

"व्हय," सोनाजी म्हणाला. "आबा नाटकवाला हाय. त्याला बोलाया काय जाते."

पण त्यानं विळा लावला. एकच घाव, सरळ, आरपार. चिकट पाणी पात्यावर आलं. त्यानं ते धोतराला पुसलं नाही, विळा तसाच बाजूला ठेवला आणि शेळ्यांकडं निघून गेला.

लेकरू दोन दिवस मान टाकून राहिलं. त्या दोन दिवसांत त्या घरात कोणी नीट जेवलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तर पानं उभी होती आणि सोनाजी चष्मा कपाळावर सारून एकेक पान जवळून बघत होता.

लग्न झालं. जीप सेनगावच्या रस्त्याला लागायच्या आधी मी थोरलीचं लेकरू लावलेला माझा जुना पत्र्याचा डबा दिला. मालवणहून आलेला तोच. कौशल्याबाईनं इतकी वर्षं त्यात डाळ ठेवली होती आणि लग्नाआधी धुऊन, खिळ्यानं बुडाला भोकं पाडून मला परत दिला होता, मी म्हणालो म्हणून. देण्याची सवय मोडवत नाही. रागिणी जीपमध्ये बसली, डबा मांडीवर, पदर डब्याभोवती. कौशल्याबाई खिडकीशी गेली. मला वाटलं, आता रडेल. ती म्हणाली,

"त्याइच्या घरी शेळ्या किती हायेत?"

"दहा-बारा."

"मग लेंड्याइची कमी न्हाई."

माघात एका बाजारच्या दिवशी शिवहारचा फोन माझ्या खालच्या किराणा दुकानात आला. कौशल्याबाई तिथंच गूळ घेत होती, पण तिला मोबाईलवर बोलायची लाज वाटते. मीच कानाला लावला. पलीकडून रागिणी बोलली. मी ऐकत गेलो आणि शब्द न शब्द तिच्या मायला सांगत गेलो.

"म्हणते, झाड उंचवट्यावर लावलंय. मुरूम घालून."

"बरं."

"म्हणते, पहिली कळी आली."

कौशल्याबाईच्या हातातला गूळ तसाच राहिला. मी पुढचं ऐकलं आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.

"म्हणते, सासू म्हणाली दुधात वाटून घे, लेकराबाळासाठी बरं असते. पण मी घेतली न्हाई. मायला म्हणा, फुलू दिली. समद्या गल्लीनं बघितली."

कौशल्याबाई रस्त्याकडं बघत राहिली. बाजाराची धूळ उन्हात तरंगत होती.

"फुलू दिली व्हय," ती म्हणाली. "बरं केलं."

तिनं गूळ पदरात बांधला, पायऱ्या उतरली आणि वस्तीच्या वाटेला लागली. लेंड्या भिजत घातल्या होत्या, पाणी शिंपडायचं होतं, थोरलीला उशीर होत होता.